गोथ्याचा कारभारी: सेकेन्डोर्फने राज्य कागदावर कसं उतरवलं

निस्तार पत्रक, म्हणजे गावाच्या मोकळ्या जमिनीच्या वापराचा कागद, हातात घेऊन ज्याने एकदा तरी गावाच्या पडीत जमिनीचा हिशेब लावला आहे, त्याला फाइट लुडविग फॉन सेकेन्डोर्फ फार परका वाटणार नाही. १६२६ ते १६९२ हा त्याचा काळ. घराणं जर्मनीच्या फ्रँकोनिया भागातल्या जुन्या सरदारांचं, पेशा मात्र दफ्तराचा. त्याच्या नावावर एकही लढाई नाही. पदांची यादी लांब आहे, पण नुसत्या यादीवरून हा माणूस कळत नाही. युद्धाने नागवलेलं एक लहानसं राज्य कागदावर कसं उतरवायचं, याची रीत त्याने घालून दिली. सीमा कुठवर, पाणी कोणाचं, कोण काय देणं लागतो, आणि राजा स्वतः कशाला बांधील आहे. या चारांतली शेवटची बाब बहुतेक वाचणारे सोडून देतात. माझ्या मते सेकेन्डोर्फ वाचायचा तो तिच्यासाठीच.

जन्म २० डिसेंबर १६२६, एर्लांगेनजवळच्या हेर्त्सोगेनाउराखमध्ये. जर्मन मुलूख उजाड करणारं तीस वर्षांचं युद्ध सुरू होऊन आठ वर्षं झाली होती. बाप योआखिम लुडविग स्वीडनच्या फौजेत अधिकारी. १६४२ च्या ३ फेब्रुवारीला साल्त्सवेडेल इथे त्याला मृत्युदंड झाला. सम्राटाच्या बाजूशी, म्हणजे शत्रूशी, आतून बोलणी करतो, असा आरोप होता. मुलगा तेव्हा पंधरा वर्षांचा. गंमत अशी की पुढे त्याच्या शिक्षणाला पैसा दिला तो बापाच्या जुन्या स्वीडिश सोबत्यांनीच. त्या पैशावर तो श्ट्रासबुर्गच्या विद्यापीठात कायदा आणि इतिहास शिकला. त्याआधीच, १६३९ च्या सुमाराला, ड्यूक एर्न्स्टची नजर या पोरावर पडली होती; गोथा हे छोटं जर्मन संस्थान पुढे याच एर्न्स्टकडे आलं. शिक्षण संपल्यावर त्याला गोथ्याच्या दरबारात जागा मिळाली.

पहिलं काम ग्रंथालयाचं. नुसती पुस्तकं लावायची नव्हती, ती वाचून त्यांतला मुद्दा ड्यूकला सांगायचा होता. एर्न्स्टला जर्मन लोक 'धर्मशील' म्हणतात. देवभोळेपणापेक्षा त्याचं हिशेबीपणच जास्त उठून दिसतं, हे माझं मत. १६४० मध्ये भावांच्या वाटणीत गोथ्याचा हिस्सा त्याच्याकडे आला, तो ओसाड गावांचा. त्याने पहिल्यांदा काय केलं? १६४१ पासून गावोगाव तपासणी लावली. पाद्री काय शिकवतो, शाळामास्तर आहे का, लोकांना धर्माची प्रश्नोत्तरी पाठ येते का, कोणाचं कोणाशी भांडण आहे, सगळं विचारून लिहून घ्यायचं. १६४२ मध्ये शाळांसाठी लेखी पद्धत निघाली. ती आंद्रेआस राइहरने तयार केली होती. खेड्यातल्या मुलामुलींनाही शाळा सक्तीची झाली. युद्ध अजून सहा वर्षं चालायचं होतं, हे लक्षात घेतलं म्हणजे या कागदांची किंमत कळते.

१६४३ मध्ये फ्रीडेनश्टाइन वाड्याचं काम निघालं. त्या जागेवर पूर्वी ग्रिमेनश्टाइन नावाचा किल्ला होता, तो १५६७ मध्ये पाडलेला. नव्या वाड्यात राहण्याच्या दालनांबरोबर चर्च होतं, दफ्तर होतं, खजिना होता, ग्रंथालय होतं. सगळा कारभार एका छपराखाली. त्यामुळे ड्यूकला कोणत्याही टेबलापाशी केव्हाही येऊन उभं राहता येई. कारभाराला हे सोयीचं, आणि कारभाऱ्याच्या जिवाला घोर. पुढे सेकेन्डोर्फ इथून का निघाला, ते समजून घेताना ही रचना आठवावी.

त्याची चढती कमान थोडक्यात अशी: १६५० नंतर लवकरच दरबारी सल्लागार, १६५६ च्या आसपास खाजगी सल्लागार मंडळात आणि खजिन्याच्या कामात, येनाच्या न्यायालयात न्यायाधीश, आणि शेवटी चान्सलर, म्हणजे सगळ्या दफ्तराचा मुख्य. चर्चचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचं प्रमुखपदही त्याच्याकडे आलं. शाळा याच मंडळाकडे असत. म्हणजे न्याय, पैसा आणि धर्म, तिन्ही टेबलांवर तो बसलेला होता. एका माणसाला तिन्ही माहीत असणं त्या काळीही दुर्मीळ होतं, आणि त्याच्या ग्रंथाचं बळ त्यातच आहे.

आता त्या टेबलावर काम कसं चाले ते बघू. जर्मन राज्यांत तेव्हा एकट्या अधिकाऱ्याने हुकूम काढण्याची रीत नव्हती. सल्लागारांचं मंडळ बसे. अर्ज आला की त्यावर आधी आल्याची तारीख पडे. मग तो एका सल्लागाराकडे जाई. त्याने वाचून बैठकीत गोषवारा मांडायचा. प्रत्येकाने क्रमाने मत द्यायचं, सचिवाने ते टिपून घ्यायचं. ठरलं की मसुदा. मसुद्याचा कागद उभा दुमडून अर्ध्या बाजूवरच लिहीत आणि उरलेली अर्धी बाजू दुरुस्त्यांसाठी कोरी ठेवीत. तपासणाऱ्याने त्या कोऱ्या बाजूत शेरे मारायचे, खाली आद्याक्षरं टाकायची. त्यानंतर नकलनवीस स्वच्छ प्रत काढी. ती मसुद्याशी शब्दाला शब्द ताडून बघत, मग सही, शिक्का, आणि प्रत जासुदाबरोबर रवाना. मसुदा दफ्तरातच राहायचा.

घोळ कुठे होतो? स्वच्छ प्रत तयार झाल्यावर कोणी वरिष्ठाने तिच्यावरच एखादा शब्द बदलला आणि तो मसुद्यात उतरवला नाही, तर दफ्तर खोटं पडतं. मूळ कागद बाहेर गेलेला, घरात राहिलेला कागद वेगळंच बोलतो. वीस वर्षांनी वाद उभा राहिला की दोन्ही बाजू आपापला कागद काढतात. दुसरा घोळ तारखांचा. प्रोटेस्टंट राज्यांनी १७०० पर्यंत जुनंच पंचांग चालवलं, कॅथलिक शेजारी नवं. फरक १० दिवसांचा. म्हणून पत्रावर १८/२८ अशी अपूर्णांकासारखी दुहेरी तारीख घालत. एकच आकडा लिहिला की मुदतीचा तंटा ठरलेला.

तिसरा घोळ फीचा, आणि तो सगळ्यात चिवट. अधिकाऱ्यांचा पगार पुरता रोख नसे. थोडं धान्य, थोडं सरपण, काहींना दरबारात जेवण, कापड, आणि वरून प्रत्येक कागदामागे पक्षकाराकडून मिळणारी फी. खटला जितका लांबेल तितके कागद वाढणार, आणि कागदामागे फी. लाच न घेणारा माणूसही अशा बसवणुकीत काम लांबवतो. यात माणसापेक्षा पगाराच्या रचनेचा दोष मोठा आहे, हे गोथ्याचे हिशेब बघितल्यावर पटतं.

जमाखर्च खालच्या परगण्यातून वर यायचा. जर्मन भाषेत त्या परगण्याला 'आम्ट' म्हणत आणि त्याच्या मुख्याला 'आम्टमान'. वर्षाचा ताळेबंद त्याने खजिन्याकडे पाठवायचा. जमेच्या बाजूला वंशपरंपरेचा जमीनसारा, हक्क हस्तांतराची रक्कम, दशमांश, गिरणी, तलाव-नदीतली मासेमारी, दंड. खर्चाच्या बाजूला दुरुस्त्या, पगार, धर्मादाय. प्रत्येक खर्चाला पावती जोडलेली हवी. खजिन्यातले तपासनीस हरकती काढत आणि आम्टमानाने एकेका हरकतीला उत्तर द्यायचं. पैशाचं गणितही सोपं नव्हतं. सॅक्सन हिशेबात १२ फेनिगांचा १ ग्रोशेन, २४ ग्रोशेनचा १ थालर. पण जमाखर्च पुष्कळदा गुल्डेनमध्ये मांडत, आणि तिथला गुल्डेन २१ ग्रोशेनचा. म्हणजे १०० गुल्डेन म्हणजे २,१०० ग्रोशेन, थालरमध्ये साडेसत्त्याऐंशी. धान्याचा रकाना वेगळा, आणि मापं तर गावागणिक निराळी. नाव एकच, धान्य कमीजास्त. माप कोणत्या गावचं ते लिहिलं नसेल तर तो आकडा निरुपयोगी.

युद्धानंतर खरी गोची थकबाकीची होती. मालक मेला किंवा पळाला, वावर पडीत पडलं, झुडपं माजली, पण सारा कागदावर जिवंत. आम्टमान ती रक्कम दरवर्षी 'येणे' म्हणून पुढे ओढत नेणार, कारण माफ करण्याचा अधिकार त्याला नाही आणि वसूल करायला माणूस नाही. कागदावर राज्य श्रीमंत दिसतं आणि त्या आकड्यावर कोणीतरी नवा खर्च मंजूर करतो. यावर उपाय एकच: जागेवर जाऊन बघणं, पडीत ते पडीत म्हणून लिहिणं, आणि नव्या कास्तकाराला काही वर्षं सूट देऊन वसवणं. जमीन वसवल्याशिवाय साऱ्याच्या आकड्याला अर्थ नाही. लोकसंख्या वाढली, हाताला धंदा मिळाला, की महसूल आपोआप वाढतो, हा सेकेन्डोर्फचा विचार याच अनुभवातून पिकलेला आहे.

हे सगळं त्याने १६५६ मध्ये ग्रंथात मांडलं: 'टॉइचर फ्युर्स्टेनश्टाट', म्हणजे जर्मन संस्थानाचा कारभार. लेखक तेव्हा तिशीचाही झाला नव्हता. ग्रंथाचे तीन भाग. पहिला, मुलखाचं वर्णन: नाव, सीमा, नद्या, जंगलं, जमिनीचा कस, गावं, शहरं, लोक आणि त्यांचे हक्क. दुसरा, राज्यसत्ता: कायदे, न्याय, चर्च, शाळा आणि राजाची कर्तव्यं. तिसरा, राजाची स्वतःची मिळकत: खाजगी जमिनी, जंगल, शिकार, खाणी, मीठ, नाणं पाडण्याचा हक्क, जकात, आणि या मिळकतीतून दरबार कसा चालवायचा.

क्रम बघा. पैसा शेवटी आहे. आधी मुलूख काय आहे ते सांगा, मग राजाचं काम काय ते, आणि मग त्या कामासाठी पैसा कुठून येणार ते. दुसऱ्या भागात तो बजावतो की प्रजेला आपल्या सुखासाठी वापरून घेणारी एकट्याची मनमानी ही जर्मन मुलखाची रीत नव्हे. दरबाराचा नेहमीचा खर्च राजाने आपल्या खाजगी मिळकतीतून भागवावा. कर ही अडचणीच्या वेळी मागायची मदत, आणि ती मागायची तर मुलखातल्या सरदार-शहरांच्या सभेला विचारून. ड्यूकच्या पगारावर जगणाऱ्या माणसाने हे छापलं आणि ड्यूकने ते छापू दिलं, याचं श्रेय दोघांनाही द्यायला हवं. व्यवहारात हा नियम टिकला नाही. फौजा कायमच्या झाल्या, दरबार फुगले, कर दरवर्षीचे झाले. १६६५ मध्ये त्याने ग्रंथाला पुरवण्या जोडल्या.

विदर्भातल्या वाचकाला पहिला भाग सगळ्यात ओळखीचा वाटेल, कारण आपल्याकडे त्याच जातीचे कागद आजही जिवंत आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधलं निस्तार पत्रकाचं कलम १६१ आणि वाजिब-उल-अर्जचं कलम १६५ ही मध्यप्रांताच्या जुन्या व्यवस्थेतून आलेली आहेत आणि ती विदर्भालाच लागू आहेत. निस्तार पत्रकात गावाच्या बिनभोगवट्याच्या जमिनीवर चराई कशी, सरपण-लाकूड किती, मुरूम, माती, रेती कुठून न्यायची हे असतं. वाजिब-उल-अर्जमध्ये सरकारच्या ताब्यात नसलेल्या जमिनीवरच्या आणि पाण्यावरच्या रूढी: ओलिताचा हक्क, वहिवाटीची वाट, मासेमारी. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांखालच्या गावांत हा दुसरा कागद फार बोलका असतो. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्या गावमालकांची व्यवस्था, गेली, तलाव सरकारजमा झाले, पण कोणत्या बांधीला (धानाच्या वावराला) आधी पाणी याच्या रूढी तशाच राहिल्या.

सेकेन्डोर्फच्या क्रमाने आपल्या गावाचं वर्णन करायचं ठरवलं तर सुरुवात सातबाऱ्याने करू नका. सातबारा हा तिसऱ्या भागाचा कागद आहे, त्यात जमिनीचा धनी आणि पीक दिसतं, गाव दिसत नाही. आधी गावनकाशा घ्या आणि शिवेवरून चालत जा, शेजारच्या गावचा एक जाणता माणूस सोबत घेऊन. जर्मन मुलखात अशा सीमाफेरीला पोरांना मुद्दाम नेत आणि सीमेच्या दगडापाशी एकेकाच्या कानाखाली वाजवत, म्हणजे म्हातारपणीही त्याला ती जागा आठवावी. तेवढं करायची गरज नाही. पण शीव एकट्याच्या सांगण्यावरून लिहू नये, हे तत्त्व पक्कं आहे. मग पाणी: नाला, तलाव, बोडी, पाट, सांडवा, आणि प्रत्येकापुढे वापर कोणाचा आणि दुरुस्ती कोणाची हे दोन वेगळे रकाने. हे रकाने एकत्र केले की घोटाळा होतो, कारण वापर सगळे सांगतात, दुरुस्ती कोणीच सांगत नाही. मग पांदण रस्ते, गुरांच्या वाटा, झुडपी जंगल म्हणून नोंदलेली जमीन, मसणवट. त्यानंतर तहसीलच्या अभिलेख कक्षातून निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्जच्या नकला मागवायच्या आणि जागेवर लिहिलेल्याशी एकेक ओळ ताडायची. सातबारा आणि आठ-अ सगळ्यात शेवटी.

जुळत नाही तिथे आपल्या मताने दुरुस्ती करू नये. कागद काय म्हणतो, जागेवर काय आहे आणि लोक काय सांगतात, तिन्ही शेजारी शेजारी लिहून तारीख टाकावी. गोथ्याच्या तपासणीतही हाच धोका होता: तपासणारा वरिष्ठांना आवडेल ते लिहितो, आणि सांगणारा कर वाढेल म्हणून हात राखून सांगतो. म्हणून जो वसुली करतो त्याच्याच हातून वर्णन लिहून घेणं वाईट. वऱ्हाडात आणि नागपूर भागात मालगुजार, देशमुख, पटवारी यांच्या कागदांकडे बघतानाही हा प्रश्न आधी विचारावा: लिहिणाऱ्याचा यात फायदा काय होता?

१६६४ मध्ये, चान्सलर होऊन फार दिवस झाले नसताना, सेकेन्डोर्फने गोथ्याची नोकरी सोडली. भांडण नव्हतं, एर्न्स्टशी त्याचे संबंध पुढेही चांगले राहिले. कामाचा बोजा हे कारण. जिथे राजा स्वतः प्रत्येक कागद बघतो तिथे मुख्य कारभाऱ्याला दोन्हीकडून काम पडतं, खालून वर आलेलं आणि वरून परत आलेलं. तो त्साइत्सच्या ड्यूक मोरित्सकडे गेला, तिथेही चान्सलर आणि चर्चमंडळाचा अध्यक्ष म्हणून. सॅक्सनीच्या इलेक्टरच्या, म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेल्या राजाच्या, घराण्यातल्या धाकट्या भावाचं ते छोटं संस्थान. काम हलकं होतं. या काळात त्याने अल्टेनबुर्गजवळ मॉयझेलवित्सची जहागीर विकत घेतली. १६८१ मध्ये मोरित्स वारला आणि सेकेन्डोर्फ बहुतेक पदं सोडून जहागिरीवर राहायला गेला.

तिकडे गोथ्याचं काय झालं तेही सांगायला हवं. एर्न्स्ट १६७५ मध्ये गेला. अठरा मुलांपैकी सात मुलगे हयात होते आणि १६८० मध्ये राज्याच्या सात वाटण्या झाल्या: गोथा, कोबुर्ग, माइनिंगेन, र्‍योम्हिल्ड, आयझेनबेर्ग, हिल्डबुर्गहाउझेन, साल्फेल्ड. सात दरबार, सात वाडे, आणि उत्पन्न तेच. कारभाराची इतकी घडी बसवलेल्या माणसाने वारसाचा प्रश्न मोकळा ठेवला, ही एर्न्स्टची मोठी चूक मानतो. धुऱ्यावरून भावकीत होणाऱ्या वाटण्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यावर वेगळं भाष्य नको.

मॉयझेलवित्समध्ये सेकेन्डोर्फने दोन मोठी कामं केली. १६८५ मध्ये 'क्रिस्टेनश्टाट', ख्रिस्ती धर्म आणि चर्चच्या सुधारणेवर. फिलिप याकोब श्पेनरच्या भक्तिपर चळवळीबद्दल त्याला आस्था होती, पण तो त्या पंथाचा झाला नाही. दुसरं काम इतिहासाचं. फ्रान्सच्या मँबूर या जेझुइटाने, म्हणजे कॅथलिक संघातल्या पाद्र्याने, १६८० मध्ये ल्यूथरपंथाचा इतिहास लिहिला होता. सेकेन्डोर्फने त्याला लॅटिनमध्ये उत्तर दिलं, आणि उत्तर देताना वादविवादापेक्षा सॅक्सन दफ्तरांतली मूळ पत्रं पुढे मांडली. पूर्ण आवृत्ती १६९२ ची. बाजू त्याची ठरलेली होती, पण कागद खरे होते. म्हणून त्याच्या मताशी न पटणारे इतिहासकारही तो ग्रंथ उघडत राहिले.

१६९२ मध्ये ब्रांडेनबुर्गच्या इलेक्टर फ्रेडरिक तिसऱ्याने त्याला हाल या शहरातल्या नव्या विद्यापीठाचा चान्सलर नेमलं. हालमध्ये तेव्हा भक्तिपंथी शिक्षक आणि शहरातले जुन्या वळणाचे पाद्री यांच्यात जुंपली होती, आणि समेट घडवायला दोन्ही बाजूंना चालेल असा माणूस हवा होता. काही आठवड्यांतच, १८ डिसेंबरला, तो हालमध्ये वारला. विद्यापीठाचं रीतसर उद्घाटन १६९४ मध्ये झालं.

त्याचा फ्युर्स्टेनश्टाट मात्र शंभर वर्षं चालला. १७२७ मध्ये प्रशियाच्या राजाने हाल आणि फ्रांकफुर्ट आन डेर ओडर इथे कारभारशास्त्राची अध्यासनं काढली, ती ज्या विद्येसाठी, तिचा पाया घालणाऱ्या ग्रंथांत हा एक. पण तोवर महत्त्व तिसऱ्या भागाला आलं होतं. महसूल कसा वाढवावा हे पुढच्या पिढ्यांनी मन लावून घेतलं, राजा कशाला बांधील आहे हे कमी.

मूळ ग्रंथाच्या जुन्या आवृत्त्यांचे स्कॅन जर्मन ग्रंथालयांनी फुकट खुले ठेवले आहेत. छपाई फ्राक्टूर नावाच्या जुन्या जर्मन वळणाच्या टायपात आहे. त्यातला लांब 'एस' हुबेहूब 'एफ'सारखा दिसतो, फक्त त्याची आडवी रेघ दांड्याच्या पलीकडे जात नाही. एवढं डोळ्यात बसलं की निम्मी अडचण संपते. लॅटिन शब्द मात्र त्या काळचे छापणारे साध्या रोमन टायपात बसवत, आणि कारभारातले बरेच पारिभाषिक शब्द लॅटिनच असल्याने ते पानावर चटकन दिसतात. जर्मन कच्चं असेल तर आधी प्रकरणांची शीर्षकं वाचावीत आणि दुसऱ्या भागापासून सुरुवात करावी.